क्लच नवा, तरी गिअर पडत नाही

मोटारीच्या यंत्रणेतील काही भाग असे आहेत की, ते बिघडल्यावाचून त्यांचे अस्तित्वच चालकाच्या ध्यानात येत नाही. क्लच हा त्यांपैकी एक होय. इंजिन अखंड फिरत असते. चाकांना मात्र कधी थांबावे लागते, कधी हळू तर कधी वेगाने फिरावे लागते. इंजिन आणि चाके यांमधील दुवा क्षणभर तोडावयाचा आणि मग हलकेच पुन्हा जोडावयाचा, एवढेच क्लचचे काम. इंजिनाच्या टोकाशी फ्लायव्हील नावाचे जड चक्र असते. त्याला लागून क्लच प्लेट ही घर्षणाची तबकडी असते आणि तिच्या पाठीशी प्रेशर प्लेट असते. बळकट स्प्रिंगच्या जोराने प्रेशर प्लेट या तबकडीला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते. चालकाने पेडल दाबले म्हणजे ही पकड सैल होते, तबकडी मोकळी सुटते आणि मग गिअर बदलता येतो. पेडल दाबूनही तबकडी सुटली नाही, तर गिअर करकरतात, उलटा गिअर मुळीच पडत नाही, आणि गिअरमध्ये असलेली मोटार इंजिन सुरू करताच पुढे झेप घेते. समोर माणूस किंवा भिंत असेल, तर ही झेप जीवघेणी ठरू शकते.

हा दोष जुन्या, झिजलेल्या क्लचमध्ये आढळला तर त्यात नवल नाही. परंतु सगळे भाग नवे बसविल्यावर तो उपटला, तर भलेभले कारागीरही गोंधळतात. अशा वेळी विचार कोणत्या दिशेने करावा, हे पाहण्यासाठी भिलाई नगरातील एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणू.

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, आजच्या छत्तीसगड राज्यातील दुर्ग जिल्ह्यात हे नगर वसले आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूरच होती. १९५५ च्या फेब्रुवारीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि भाताच्या खाचरांच्या या प्रदेशात पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भारतीय रेल्वेचे रूळ लाटणाऱ्या या कारखान्याची कामे पाळ्यांनी चालतात. तेव्हा समजा की, रात्रपाळीस निघालेल्या एका कामगाराची जुनी मोटार दारातच अडली आहे. तिला दोनच दिवसांपूर्वी नवी क्लच प्लेट बसविलेली आहे. त्याच खेपेस पेडलाजवळचे मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सवरील स्लेव्ह सिलिंडरही बदललेले आहे. तरीही पेडल मऊ लागते आणि गिअर पडत नाही. गॅरेजातला कारागीर म्हणतो, “गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल.” गिअरबॉक्स उतरविणे म्हणजे जवळजवळ दिवसभराचे काम, त्याची मजुरी, आणि कदाचित आणखी एका नव्या प्लेटचा खर्च. हा निर्णय घेण्यापूर्वी एक साधी पट्टी हाती घेतली, तर पुष्कळ काही उलगडू शकते. ते कसे, हे समजण्यासाठी पेडलापासून क्लचपर्यंत पायाचा जोर कसा पोहोचतो, ते आधी पाहिले पाहिजे.

काही मोटारींत हा जोर तारेने नेला जातो. १९८३ च्या अखेरीस भारतीय रस्त्यांवर आलेल्या मारुती ८०० या मोटारीत अशीच तार होती. तारेचा दोष डोळ्यांना दिसतो. ती ताणली जाते, तिचे धागे तुटतात. द्रवाने चालणाऱ्या क्लचमध्ये मात्र तारेची जागा एका बंद नळीतील द्रवाने घेतलेली असते. मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पेडलाच्या दांड्याने पुढे ढकलला जातो. त्याच्यापुढील द्रव नळीतून स्लेव्ह सिलिंडरमध्ये शिरतो आणि तेथील दट्ट्याला बाहेर रेटतो. तो दट्ट्या एका तरफेला ढकलतो, आणि तरफ रिलीज बेअरिंगच्या द्वारे प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगला.

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला असता तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रान्समधील ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात मांडला. त्याचा या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. या नियमाचा उपयोग करून इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ साली द्रवदाबयंत्राचे पेटंट घेतले. त्या यंत्रापुढील मोठी अडचण गळतीची होती. दाब वाढविला की दट्ट्याच्या कडेने द्रव निसटे. ब्रामाच्या कारखान्यातील हेन्री मॉड्स्ले याने या अडचणीवर वाटीच्या आकाराच्या चामडी पट्ट्याचा तोडगा काढला, असे सांगतात. वाटीचे तोंड दाबाच्या बाजूस असल्यामुळे दाब जितका वाढेल, तितकी तिची कड सिलिंडरच्या भिंतीवर अधिक घट्ट बसते. आजच्या क्लचमधील रबरी वाटी, जिला कारागीर ‘कप’ म्हणतात, ती या चामडी वाटीचीच वंशज होय. ती उलटी बसविली, तर दाब वाढताच कड भिंतीपासून सुटते आणि द्रव मागे पळतो. नवे किट घालून केलेल्या दुरुस्तीतही ही चूक घडू शकते.

आता थोडा हिशेब करू. आकडे सोयीसाठी सोपे घेतले आहेत. प्रत्येक मोटारीचे प्रत्यक्ष आकडे तिच्या पुस्तिकेत पाहावेत. समजा, पेडल १२ सेंटिमीटर खाली जाते आणि त्याची तरफ सहास एक या प्रमाणाची आहे. म्हणजे मास्टर सिलिंडरचा दांडा २० मिलिमीटर पुढे सरकेल. त्यातील सुरुवातीचा एक मिलिमीटर दांडा आणि दट्ट्या यांच्यामधील मोकळीक संपविण्यात जातो, आणि पुढचा एक मिलिमीटर टाकीकडे उघडणारे बारीक छिद्र बंद करण्यात. राहिले १८ मिलिमीटर. मास्टर दट्ट्याचे क्षेत्रफळ २ चौरस सेंटिमीटर धरले, तर ३.६ घन सेंटिमीटर द्रव पुढे ढकलला जाईल. स्लेव्ह दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर असेल, तर तो १२ मिलिमीटर बाहेर येईल. क्लच सुटण्यास त्यातील निदान १० मिलिमीटर तरी लागतात, असे समजू. सारी यंत्रणा चमचाभराहून कमी द्रवाच्या हालचालीवर अवलंबून आहे, ही गोष्ट बहुतेक चालकांना ठाऊक नसते.

या चमचाभर द्रवात हवा शिरली म्हणजे काय होते? पायाने १० किलोग्रॅम जोर दिला, तर तरफेमुळे दांड्यावर ६० किलोग्रॅम जोर येतो, आणि दोन चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यापुढे दर चौरस सेंटिमीटरला ३० किलोग्रॅम, म्हणजे वातावरणाच्या सुमारे तीसपट दाब निर्माण होतो. एवढ्या दाबाखाली पाण्यासारखा द्रव हजारात जेमतेम दीड भाग आकसतो. वायूचे वर्तन निराळे. रॉबर्ट बॉइल याने १६६२ मध्ये दाखवून दिले की, दाब वाढतो त्याच प्रमाणात वायूचे आकारमान घटते. म्हणजे लहानशा बोराएवढा, दीड घन सेंटिमीटरचा बुडबुडा तीसपट दाबाखाली बाजरीच्या काही दाण्यांएवढाच उरेल. जवळजवळ दीड घन सेंटिमीटर द्रव केवळ त्याला चेपण्यात खर्च होईल. ३.६ मधून १.४५ वजा जाता उरतात २.१५ घन सेंटिमीटर, आणि स्लेव्ह दट्ट्या १२ ऐवजी सुमारे ७ मिलिमीटरच सरकतो. पेडल मऊ लागते ते यामुळेच. चालकाचा पाय क्लचऐवजी बुडबुड्याची स्प्रिंग दाबीत असतो.

पट्टीचा उपयोग येथे होतो. चाकांना दगड लावून आणि हातब्रेक ओढून मोटार स्थिर करावी, इंजिन बंद ठेवावे. मोटारीखाली जावयाचे असेल, तर केवळ जॅकवर विसंबू नये. घोडी लावल्याखेरीज डोके आत घालू नये. एकाने पेडल पूर्ण दाबावे, दुसऱ्याने स्लेव्ह सिलिंडरचा दांडा किती सरकतो ते मोजावे. दांडा पुरेसा सरकत असूनही क्लच सुटत नसेल, तर द्रवाची बाजू निर्दोष आहे, दोष गिअरबॉक्सच्या आवरणात आहे. तबकडी उलटी बसली असेल, तरफ आपल्या आधारावरून घसरली असेल, किंवा पावसाळाभर उभ्या राहिलेल्या मोटारीची तबकडी गंजाने फ्लायव्हीलला चिकटली असेल. अशा वेळी गिअरबॉक्स उतरविण्यास पर्याय नाही, गंजाचा अपवाद सोडून. दांडा कमी सरकत असेल, तर मात्र गिअरबॉक्सला हात लावण्याचे कारणच नाही. काही नव्या मोटारींत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आवरणातच, बेअरिंगभोवती बसविलेले असते. तेथे पट्टी पोहोचत नाही. म्हणून अशा मोटारीत आवरण बंद करण्यापूर्वीची तपासणी दुपटीने महत्त्वाची ठरते. आणि गिअरबॉक्स जाग्यावर बसण्यापूर्वी कोणी चुकून पेडल दाबले, तर या सिलिंडरचा दट्ट्या निखळून बाहेर येतो, हेही लक्षात ठेवावे लागते.

भिलाईच्या त्या मोटारीचा दांडा साडेआठ मिलिमीटर सरकला. म्हणजे गिअरबॉक्स निर्दोष आणि हवा आत आहे, असा तर्क उघड होता. पण कारागिराने हवा तर चार वेळा काढली होती. एकाने पेडल दाबून धरावयाचे, दुसऱ्याने स्लेव्हवरील ब्लीडरचा स्क्रू क्षणभर ढिला करून द्रव बाहेर सोडावयाचा, स्क्रू बंद झाल्यावरच पेडल सोडावयाचे, ही रीत त्याने नीट पाळली होती. नळीतून स्वच्छ, बुडबुडे नसलेला द्रव येत होता. मग हवा राहिली कोठे?

उत्तर अगदी साधे आहे. हवा वर जाते. नव्या स्लेव्ह सिलिंडरला दोन छिद्रे होती; एकात नळी यावयाची, दुसऱ्यात ब्लीडर. दोहोंचे आटे सारखेच असल्याने कारागिराने ती अदलाबदल करून बसविली होती आणि ब्लीडर खालच्या छिद्रात आला होता. खालून कितीही द्रव सोडला, तरी सिलिंडरच्या वरच्या कुशीत बसलेला बुडबुडा जागचा हलणार नव्हता. पाणी भरलेली बाटली आडवी धरून तिच्या बुडाशी छिद्र पाडले, तर वरची हवा त्यातून निघत नाही, तसेच हे. दोन्ही जोड योग्य छिद्रांत बसविताच पहिल्याच दाबासरशी ब्लीडरमधून हवेचे फसफसणे ऐकू आले. जोड बदलणे शक्य नसते, तर सिलिंडर कंसातून सोडवून, दट्ट्या आत दाबून धरून आणि ब्लीडर आकाशाकडे करून तेच साधता आले असते. काही कारागीर खालून, ब्लीडरमधूनच द्रव वर टाकीकडे ढकलतात. हवेला जावयाचे असते त्याच दिशेने तिला नेणारी ही युक्ती खरोखर शहाणपणाची आहे.

हवा काढताना टाकी रिकामी होऊ दिली, तर केलेले सर्व श्रम वाया जातात. पुष्कळ मोटारींत क्लच आणि ब्रेक यांची टाकी एकच असते. रचना चांगली असेल, तर क्लचकडे जाणारे तोंड ब्रेकच्या तोंडापेक्षा उंचावर ठेवलेले असते, म्हणजे क्लच गळू लागला तरी ब्रेकसाठी द्रव शिल्लक राहतो. तथापि टाकीची पातळी खाली जात असलेली दिसूनही वरचेवर भर घालीत मोटार चालविणे म्हणजे क्लचच्या दोषाकडेच नव्हे, तर ब्रेकच्या इशाऱ्याकडेही डोळेझाक करणे होय.

या द्रवाला सर्वत्र ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. हे नाव फसवे आहे. बहुतेक मोटारींतील हा द्रव खनिज तेल नसून ग्लायकॉल वर्गातील रसायनांचा बनविलेला असतो, आणि त्यातील कपही त्यालाच सोसणाऱ्या रबराचे असतात. टाकीत चुकून इंजिनचे तेल पडले, तर हे रबर फुगते, मऊ होते आणि चार दिवसांत नवे किटही निकामी होते. शिवाय हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. ‘डॉट ३’ प्रतीचा कोरा द्रव निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. पण त्यात शेकडा पावणेचार भागांच्या आसपास पाणी मुरले, तर ही मर्यादा १४० अंशांवर आलेली चालते, असे मानक आहे. म्हणून उघड्या डब्यात पावसाळाभर पडलेला द्रव वापरू नये. तो अंगावर पडल्यास धुवावा, डोळ्यांना जपावे. मोटारीचा रंग तर तो हमखास खातो.

हवेखेरीज आणखी काही गोष्टी दांड्याची चाल कमी करतात. रबरी नळी जुनी असेल, तर दाबाखाली ती फुगते. पेडल दाबताना तिच्याभोवती बोटे धरली तर हे जाणवते. मास्टर सिलिंडरमधील कप झिजला असेल, तर पेडल आरंभी कणखर लागते, पण पाय तसाच दाबून ठेवला असता हळूहळू खाली जाते, आणि बाहेर मात्र एक थेंबही सांडत नाही. चौकात पेडल दाबून उभी असलेली मोटार आपोआप पुढे सरकू लागते ती अशा वेळी.

भिलाईच्या मोटारीचा क्लच आता सुटू लागला. पट्टीने मोजले, तेव्हा दांडा तेरा मिलिमीटरांहून किंचित अधिक सरकला. सर्वांना आनंद झाला, आणि तो अधिकचा मिलिमीटर कोठून आला, हे कोणीच विचारले नाही. हिशेबाने बाराच मिलिमीटर यावयास हवे होते. यंत्राच्या बाबतीत अपेक्षेहून अधिक मिळालेले मापही तितक्याच संशयाने पाहावे लागते.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या मोटारीने उलटाच खेळ मांडला. सकाळी ती नीट चालली. उन्हाने पारा चाळीस अंशांच्या वर गेला, बाजारातील गर्दीत इंजिन तापले, आणि मग गती वाढविली असता इंजिनाचा आवाज चढे, पण मोटार रेंगाळे. क्लच स्लिप होत होता. आधी सुटत नसलेला क्लच आता धरीत नव्हता. तबकडी निकृष्ट निघाली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे होतो; तो काढला असता, तर गिअरबॉक्स अखेर उतरला असताच.

खरे कारण पेडलाजवळ होते. पहिल्या दिवशी, हवा निघत नाही असे पाहून, कारागिराने मास्टर सिलिंडरचा दांडा फिरवून दोन मिलिमीटर लांब केला होता. त्यामुळे मोकळीक संपली, सात मिलिमीटरांचे साडेआठ झाले, आणि दोष थोडा झाकला गेला. पण दांडा लांब केल्यामुळे पेडल पूर्ण वर असतानाही दट्ट्या पुढेच राहिला, आणि टाकीकडे उघडणारे बारीक छिद्र कायमचे बंद झाले. हे छिद्र उगीच ठेवलेले नसते. उष्णतेने द्रव प्रसरण पावला की वाढलेला भाग त्यातूनच टाकीत परततो. सिलिंडर आणि नळी यांत मिळून ३० घन सेंटिमीटर द्रव असेल आणि तो ४० अंशांनी तापला, तर त्याचे आकारमान पाऊण घन सेंटिमीटरहून अधिक वाढते. परतीची वाट बंद, म्हणून तो स्लेव्ह दट्ट्याला अडीच मिलिमीटर बाहेर रेटतो. पेडलावर कोणाचा पाय नसतानाही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. तबकडी घसरते, घसरण्याने तापते, आणि अशा काही दुपारींत नवी तबकडी जळून जाते. रात्री द्रव निवला की सकाळी सर्व सुरळीत! हा दोष ओळखण्याची खूण सोपी आहे. क्लच घसरत असताना मोटार थांबवावी, इंजिन बंद करावे आणि ब्लीडर क्षणभर ढिला करावा, तोंड दूर ठेवून. द्रवाची चिळकांडी उडून क्लच पूर्ववत धरू लागला, तर द्रव आत कोंडलेला होता हे सिद्ध झाले. दोष मग दांड्यात असेल, बुजलेल्या छिद्रात असेल, किंवा आतून सुजून झडपेसारख्या वागणाऱ्या जुन्या रबरी नळीत असेल.

येथे तो दांड्यात होता. लॉकनट सोडवून दांडा दोन मिलिमीटर आखूड केला. पेडल बोटाने हलकेच दाबले, तेव्हा पहिले सहा मिलिमीटर ते विनासायास खाली गेले. सहास एक या प्रमाणाने तो दांड्याजवळचा एक मिलिमीटर झाला. मग पुन्हा पट्टी लावली. स्लेव्हचा दांडा बारा मिलिमीटर सरकला.